व्होन-रोमानेची लाल वाइन : उतार, वेल आणि संयम यांची शेती

फ्रान्सच्या पूर्व भागातील बरगंडी प्रांतात दिजों शहराकडून बोन शहराकडे जाणारा एक जुना रस्ता आहे. या रस्त्याने दक्षिणेकडे सुमारे वीस किलोमीटर गेल्यावर पश्चिमेला व्होन-रोमाने हे छोटे गाव लागते. गावाची लोकवस्ती काही शेंची, मधोमध एक चर्च, दगडी भिंतींची घरे आणि घरांच्या खाली तळघरे. गावाच्या मागे पूर्वाभिमुख उतार चढत जातो आणि माथ्यावर जंगल लागते. रस्त्यापासून जंगलापर्यंतचे अंतर पायी जाण्यासारखे, जेमतेम एक-दीड किलोमीटरचे आहे.

या अंतरात जमिनीचे मोल अनेकदा बदलते. रस्त्याच्या पूर्वेकडील सपाट व ओल धरून ठेवणाऱ्या शेतांतील वाइन बहुतांशी प्रांताच्या सर्वसाधारण नावाने विकली जाते. रस्ता ओलांडून गावाकडे आले की वाइनच्या लेबलवर गावाचे नाव येते. गावामागच्या मधल्या उतारावर जगातील अत्यंत महागड्या लाल वाइनची शेते आहेत, तर त्यांच्या आजूबाजूला व वरच्या अंगाला दुसऱ्या श्रेणीची. माथ्याजवळ माती विरळ झाली की वाइन पुन्हा केवळ गावाच्या नावावर येते. वाण तोच, पाऊस तोच, छाटणीची पद्धतही बहुतांशी तीच. तरीही दोन शेजारच्या बांधांमध्ये किमतीचा फरक कित्येक पटींचा असतो. हा फरक कशातून निर्माण झाला आणि तो पुढे टिकेल का, हे प्रश्न शेतीशास्त्राच्या दृष्टीनेही महत्त्वाचे आहेत.

वाइनचा स्वभाव

व्होन-रोमानेच्या वाइनचा रंग फार गडद नसतो. पेल्यातून आरपार दिसावे असा माणकासारखा लाल रंग हे तिचे पहिले लक्षण होय. तरुण वाइनमध्ये चेरी, रासबेरी आणि ब्लॅककरंट या फळांचा गंध येतो. त्यामागून गुलाब व जांभळ्या व्हायोलेट फुलांचा सुवास आणि लवंग-दालचिनीची आठवण करून देणारा मसालेदारपणा जाणवतो. हा मसालेदारपणा या गावाची ओळख मानला जातो. वाइनमध्ये तुरटपणा असतो. मात्र कच्च्या जांभळासारखी जिभेला घट्ट पकडणारी ती तुरटी नसते. तुरटपणा, आंबटपणा आणि फळांचा गोडसर भास यांपैकी एकही घटक इतरांवर मात करत नाही. जाणकार या गुणाचे वर्णन ‘रेशमी’ या शब्दाने करतात.

शेजारच्या गावांशी तुलना केल्यास हा स्वभाव अधिक स्पष्ट होतो. उत्तरेकडील जव्रे-शांबर्तँची वाइन अधिक दणकट व भारदस्त, तर शांबोल-म्युझिनीची अधिक नाजूक व सुगंधी मानली जाते. दक्षिणेकडील न्वी-सँ-जॉर्जच्या वाइनमध्ये तुरटपणा अधिक कणखर असतो. व्होन-रोमानेच्या वाइनमध्ये बळ आणि नाजूकपणा एकत्र नांदतात, असे या गावाबद्दल म्हटले जाते.

गावाच्या हद्दीतही सर्व शेतांची वाइन सारखी नसते. रिशबूर या सुमारे 8 हेक्टरच्या क्षेत्रातील वाइन भरदार व मांसल असते. त्याच्या खालच्या बाजूस असलेल्या सुमारे साडेनऊ हेक्टरच्या रोमाने-सँ-व्हिव्हाँची वाइन हलकी व सुवासिक असते. ला ताश या सुमारे 6 हेक्टरच्या क्षेत्रातील वाइन मसालेदार आणि ठसठशीत म्हणून प्रसिद्ध आहे. या सर्वांच्या मधोमध असलेले रोमाने-कोंती हे शेत अवघे 1.81 हेक्टरचे, म्हणजे साडेचार एकरांचे आहे. त्याच्या वाइनचे वैशिष्ट्य कोणत्याही एका गंधात सांगता येत नाही. तोल आणि घोट घेतल्यानंतर दीर्घकाळ रेंगाळणारी चव हेच ते वैशिष्ट्य होय. चांगल्या वर्षातील वाइन दोन-तीन दशके मुरली की ताज्या फळांचा गंध मागे सरतो आणि जंगलातील ओला पालापाचोळा, अळंबी व कमावलेले चामडे यांसारखे गंध पुढे येतात.

माती चवीत उतरते का?

वाइनमध्ये मातीची चव उतरते, असे पुष्कळदा सांगितले जाते. शब्दशः घेतल्यास हे विधान शास्त्रीय कसोटीवर टिकत नाही. चुनखडीचा खडक मुळांवाटे द्राक्षात आणि तेथून पेल्यात पोहोचत नाही. मातीचा परिणाम खरा असला तरी त्याची वाट निराळी आहे. वेलीला पाणी केव्हा व किती मिळते, नत्र किती उपलब्ध होते आणि मुळांभोवतीची जमीन किती लवकर तापते, यांतून तो परिणाम घडतो. बोर्दो येथील संशोधक जेरार सगँ यांनी उत्कृष्ट द्राक्षमळ्यांच्या मातीचा अभ्यास करून दाखवून दिले की, मातीच्या रासायनिक घटकांपेक्षा वेलीला होणाऱ्या पाणीपुरवठ्याचे नियमन करण्याची तिची क्षमता निर्णायक ठरते.

व्होन-रोमानेचा उतार या दृष्टीने अनुकूल आहे. येथील चुनखडीचा खडक सुमारे 16 ते 17 कोटी वर्षांपूर्वी उथळ समुद्राच्या तळाशी तयार झाला. पुढे सोन नदीच्या खोऱ्याची जमीन खचली, खडकाला भेगा पडल्या आणि ही पूर्वाभिमुख कड उभी राहिली. मधल्या उतारावर तपकिरी, चुनखडीयुक्त चिकणमातीचा पातळ थर आहे. त्याखाली भेगाळलेला खडक आहे. चिकणमाती थोडी ओल राखून ठेवते, तर भेगांमधून जादा पाण्याचा निचरा होतो. येथे वर्षाला सरासरी सुमारे 700 ते 750 मिलिमीटर पाऊस पडतो. तो एका हंगामात न पडता वर्षभर विखुरलेला असतो. सिंचन केले जात नाही. उन्हाळ्याच्या मध्यावर मुळांजवळची ओल हळूहळू घटू लागते, शेंड्याची वाढ थांबते आणि वेलीचे अन्न मण्यांकडे वळते. पाण्याचा हा सौम्य ताण मणी लहान ठेवतो. लहान मण्यात रसाच्या मानाने सालीचे प्रमाण अधिक असते आणि रंग, तुरटपणा व बराचसा सुगंध सालीतच असतो.

उताराच्या पायथ्याशी मातीचा थर जाड व सुपीक आहे. तेथे वेल जोमाने वाढते, मणी फुगतात आणि वाइन पातळ होते. माथ्यावर माती इतकी विरळ आहे की कोरड्या वर्षी वेल होरपळते आणि थंड वर्षी द्राक्षे पक्व होत नाहीत. मधल्या पट्ट्याचे श्रेष्ठत्व हे असे आहे. तेथे टोकाची स्थिती क्वचित येते, म्हणून तेथील वाइन चांगल्या वर्षी उत्तम आणि वाईट वर्षी बरी निघते. शेतकऱ्याच्या भाषेत सांगायचे तर ही ‘भरवशाची जमीन’ आहे. ही माती जपण्यासाठी कष्टही फार झाले. जोरदार पावसात उतारावरून वाहून गेलेली माती टोपल्यांनी पुन्हा वर नेऊन टाकण्याची प्रथा येथे शतकानुशतके होती.

एकच वाण, मोजका भार

गावातील लाल वाइन पिनो न्वार या वाणापासून होते. हे वाण शेतकऱ्याची परीक्षा पाहणारे आहे. त्याचा घड लहान व घट्ट असतो, साल पातळ असते आणि त्यामुळे ओल्या हवामानात मणी सडण्याची भीती असते. डोळे लवकर फुटत असल्याने कोवळी फूट वसंतातील दवधुक्याच्या व गोठवणाऱ्या थंडीच्या तडाख्यात सापडते. इतर अनेक लाल वाणांच्या सालीत आढळणारी स्थिर प्रकारची रंगद्रव्ये पिनो न्वारमध्ये नसतात. वाइनचा रंग सौम्य असण्याचे ते एक कारण आहे. असे असूनही येथे त्याला पर्याय शोधला गेला नाही, कारण थंड प्रदेशात सावकाश पिकल्यावर हे वाण जो सुगंध देते तो इतरत्र सहसा मिळत नाही.

या निवडीमागे एक जुना हुकूमही आहे. 1395 साली बरगंडीचा ड्यूक फिलिप याने भरघोस उत्पादन देणाऱ्या गामे या वाणाच्या वेली उपटून टाकण्याचा आदेश काढला. त्याच आदेशात मळ्यांना भरमसाट शेणखत घालण्यासही मनाई केली होती. उत्पादन वाढवून गुणवत्ता घालवू नये, हा त्यामागचा विचार होता. लोकांचा रोष ओढवून घेणारा हा निर्णय होता; परंतु गुणवत्ता आणि उत्पादन यांच्यातील ओढाताण सहाशे वर्षांपूर्वीही शेतीधोरणाचा विषय होती, हे त्यावरून दिसते.

आजचे नियम तोच विचार आकड्यांत मांडतात. येथे वेलींमधील व ओळींमधील अंतर साधारण एक-एक मीटर असते, म्हणजे हेक्टरी सुमारे 10,000 किंवा एकरी सुमारे 4,000 वेली. महाराष्ट्रातील खाण्याच्या द्राक्षांची बाग नऊ बाय पाच फुटांवर लावल्यास एकरी 968 वेली बसतात. व्होन-रोमानेच्या सर्वोच्च श्रेणीतील शेतांसाठी उत्पादनाची मूळ मर्यादा हेक्टरी 35 हेक्टोलिटर वाइन एवढी आहे. म्हणजे एका वेलीच्या वाट्याला सुमारे 350 मिलिलिटर, अर्ध्या बाटलीहून कमी वाइन येते. द्राक्षांच्या हिशेबात ही मर्यादा एका वेलीमागे साधारण अर्धा किलो आणि एकरी दोन टनांच्या आत बसते. प्रत्यक्षातील उत्पादन अनेक वर्षी याहूनही कमी असते. रोमाने-कोंतीच्या साडेचार एकरांतून वर्षाला साधारण पाच-सहा हजार बाटल्याच निघतात.

वेलींची दाटी आणि प्रत्येक वेलीवर मोजके घड या दोन गोष्टी एकत्र चालतात. दाटीमुळे वेलींमध्ये पाणी व अन्नद्रव्यांसाठी स्पर्धा होते व वाढ आटोक्यात राहते. हलका भार असल्याने थंड हवामानातही प्रत्येक घड पूर्ण पक्व होऊ शकतो.

क्रो पारांतू : पडीक शेताचे पुनरुज्जीवन

जमीन कितीही चांगली असली तरी तिचा गुण ओळखणारा शेतकरी लागतो. रिशबूरच्या वरच्या अंगाला क्रो पारांतू नावाचे सुमारे एक हेक्टरचे शेत आहे. फायलोक्सेरा या मुळांवरील किडीच्या प्रादुर्भावानंतर ते पडीक झाले आणि दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तेथे वेलींऐवजी सूर्यफुलाच्या कुळातील एक कंद पिकवला जात होता. गावातील अँरी जायेर हे त्या काळी एका जमीनमालक कुटुंबाच्या वेली बटाईने करीत असत. 1950च्या दशकाच्या आरंभी त्यांनी या शेताची पुन्हा लागवड केली. मातीखाली खडक इतका वर होता की सुरुंग लावून तो फोडावा लागला. या शेतावर बाजूच्या खोऱ्यातून थंड हवा येते, त्यामुळे द्राक्षांतील आम्लता टिकून राहते. जायेर यांनी पुढे 1978 सालापासून या शेताची वाइन स्वतंत्र नावाने बाटलीबंद केली. आज दुसऱ्या श्रेणीत गणल्या जाणाऱ्या या शेताच्या वाइनला पहिल्या श्रेणीच्या तोडीची किंमत मिळते.

जायेर यांचा काळ रासायनिक निविष्ठांच्या भरभराटीचा होता. 1960 व 1970च्या दशकांत बरगंडीतील मळ्यांना पालाशयुक्त खते सढळ हाताने दिली गेली. द्राक्षांत पालाशचे प्रमाण वाढले की रसातील आम्लता कमी होते. त्यामुळे त्या काळातील पुष्कळ वाइन सपक व अल्पायुषी निघाली. जोमदार खुंट आणि अधिक उत्पादन देणारे निवड वाण यांनी त्यात भर घातली. जायेर यांनी तणनाशकांऐवजी नांगरणी, कमी उत्पादन आणि निरोगी घडांची काटेकोर निवड यांवर भर दिला. वाइन बनवताना ते घडांचे देठ पूर्ण काढून टाकत आणि आंबण्याची क्रिया सुरू होण्यापूर्वी काही दिवस मणी थंड ठेवत. 2006 साली त्यांचे निधन झाले, तोवर त्यांची पद्धत एका संपूर्ण पिढीने उचलली होती.

रोमाने-कोंती व ला ताश या शेतांची मालकी असलेल्या संस्थेची परंपरा मात्र वेगळी आहे. तेथे घड बहुधा देठांसह आंबवले जातात. चांगले पिकलेले देठ वाइनला मसालेदार सुगंध आणि ताजेपणा देतात. कच्चे देठ हिरवट कडवटपणा आणतात. दोन परस्परविरोधी पद्धतींनी एकाच गावात उत्कृष्ट वाइन तयार होते. दोन्ही ठिकाणी समान असलेली गोष्ट म्हणजे तळघरात येणाऱ्या द्राक्षांचा दर्जा.

1945 सालची बाटली

ऑक्टोबर 2018 मध्ये न्यूयॉर्क येथील लिलावात रोमाने-कोंतीची 1945 सालची एक बाटली 5 लाख 58 हजार डॉलरना विकली गेली. या किमतीमागे एका मरणोन्मुख मळ्याची कथा आहे.

मूळ अमेरिकेची फायलोक्सेरा कीड 1878 साली या जिल्ह्यात पोहोचली. तिने युरोपीय वेलींची मुळे पोखरली. अमेरिकन वेलींच्या प्रतिकारक्षम खुंटांवर युरोपीय वाणांचे कलम करणे हा उपाय यथावकाश सर्वत्र स्वीकारला गेला. रोमाने-कोंतीच्या मालकांनी मात्र जुन्या, कलम न केलेल्या वेली राखण्याचा निर्णय घेतला. जमिनीत कार्बन डायसल्फाइड टोचून कीड आटोक्यात ठेवली जाई आणि मेलेल्या वेलींच्या जागी शेजारच्या वेलीची फांदी जमिनीत दाबून, म्हणजे दाब कलमाने, नवी वेल तयार केली जाई. महायुद्धात रसायन आणि मजूर दोन्ही दुर्मीळ झाले. वेली खंगल्या. 1945 साली त्या संपूर्ण शेतातून केवळ सुमारे 600 बाटल्या निघाल्या. त्या हंगामानंतर वेली उपटण्यात आल्या, 1947 मध्ये खुंटावरील कलमांची लागवड झाली आणि रोमाने-कोंतीच्या नावाने पुढची वाइन 1952 सालची निघाली. मधल्या सहा वर्षांत त्या नावाने एकही बाटली बाजारात आली नाही.

कृषी विस्तारकांनी लक्षात घ्यावी अशी बाब पुढची आहे. जुन्या वेली नष्ट झाल्या, परंतु त्यांचे वंशसाहित्य नष्ट झाले नाही. रोमाने-कोंतीच्या काड्या त्याआधीच शेजारच्या ला ताशमध्ये वापरल्या गेल्या होत्या. नव्या लागवडीसाठी तेथून त्या परत आणता आल्या. निरनिराळ्या अनेक उत्तम वेलींच्या काड्या एकत्र घेऊन लागवड करण्याच्या या पद्धतीत एकाच वेलीची प्रतिकृती सर्वत्र लावली जात नाही. त्यामुळे मळ्यात आनुवंशिक वैविध्य टिकते. पुढे विषाणूमुक्त व एकसारख्या निवडींमुळे रोगांचे नियंत्रण सुकर झाले, हेही तितकेच खरे. आजचे जाणते उत्पादक रोगमुक्तता आणि वैविध्य या दोन्हींचा मेळ घालण्याचा प्रयत्न करतात.

नावाचे रक्षण

गावाचे मूळ नाव केवळ व्होन होते. आपल्या सर्वांत प्रसिद्ध शेताचे नाव त्याने 1866 साली स्वतःला जोडून घेतले. रोमाने-सँ-व्हिव्हाँ हे शेत एकेकाळी सँ-व्हिव्हाँ मठाच्या ताब्यात होते, तर रोमाने-कोंती 1760 साली कोंतीच्या राजपुत्राने विकत घेतले. फ्रेंच राज्यक्रांतीनंतर या जमिनी जप्त होऊन विकल्या गेल्या. नंतरच्या वारसा कायद्यामुळे बरगंडीतील मळ्यांचे तुकडे पडत गेले. शेजारच्या क्लो द व्हूजो या सुमारे 50 हेक्टरच्या एकाच मळ्याचे आज ऐंशीच्या आसपास मालक आहेत. मालकी विखुरली, तरी शेतांच्या सीमा व नावे मात्र टिकली. अशा नाव व सीमा असलेल्या प्रत्येक शेताला येथे ‘क्लिमा’ म्हणतात.

या सीमांची प्रतवारी शेतीच्या एका संस्थेने केली, ही उल्लेखनीय गोष्ट आहे. 1861 साली बोनच्या कृषी समितीने मळ्यांचा श्रेणीनिहाय नकाशा प्रसिद्ध केला. 1935 साली फ्रान्सने मूळस्थान-मानांकनाचा कायदा केला आणि 1936 मध्ये व्होन-रोमानेच्या प्रमुख शेतांना मानांकन मिळाले. त्या मानांकनात केवळ हद्द ठरवलेली नाही. वाण, वेलींची दाटी, छाटणी, उत्पादनाची मर्यादा आणि पक्वतेची किमान पातळी हेही ठरवलेले आहे. ही श्रेणी सहसा बदलत नाही. रोमाने-कोंती व ला ताश यांच्या मधल्या ला ग्रांद र्यू या 1.65 हेक्टरच्या शेताला सर्वोच्च श्रेणी मिळण्यास 1992 साल उजाडावे लागले. 2015 साली युनेस्कोने बरगंडीच्या 1,247 ‘क्लिमां’चा जागतिक वारसा यादीत समावेश केला.

नावलौकिकाची दुसरी बाजूही आहे. जमिनीच्या किमती इतक्या वाढल्या आहेत की वारसा कर भरून शेत कुटुंबात राखणे कठीण होत चालले आहे. शेजारच्या मोरे-सँ-दनी गावातील दोन प्रसिद्ध मळे 2014 व 2017 साली चैनीच्या वस्तूंच्या उद्योगसमूहांशी संबंधित धनाढ्य मालकांकडे गेले. पिढ्यान्‌पिढ्या वेल जोपासणाऱ्याच्या मुलाला स्वतःच्या गावात एक एकर घेणे परवडू नये, हा या यशाचा विरोधाभास होय.

तापमान आणि बदलता स्वभाव

सर्वांत मोठे आव्हान आकाशातून आले आहे. बोन परिसरातील द्राक्षतोडणीच्या तारखांच्या नोंदी 1354 सालापासून उपलब्ध आहेत. 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने 2018 पर्यंतच्या 664 वर्षांची मालिका तपासली. 1987 पर्यंत तोडणी सरासरी 28 सप्टेंबरच्या सुमारास सुरू होत असे. 1988 पासून ती सरासरी 13 दिवस अलीकडे आली आहे. 2003 च्या उष्णतेच्या लाटेत तर अनेक ठिकाणी ऑगस्टमध्येच तोडणी झाली.

आरंभी ही वाढती उष्णता वरदान वाटली. पूर्वी दर काही वर्षांनी द्राक्षे अर्धवट पिकत आणि रसात बाहेरून साखर घालावी लागे. आता ती गरज क्वचित भासते. परंतु सावकाश पिकणे हाच पिनो न्वारच्या सुगंधाचा आधार आहे. उष्ण दिवसांत साखर झपाट्याने वाढते आणि मॅलिक आम्ल झपाट्याने घटते, तर सालीतील सुगंध व तुरटपणा परिपक्व होण्यास वेळ लागतो. शेतकऱ्यापुढे पेच उभा राहतो. लवकर तोडले तर सुगंध अपुरा, थांबले तर मद्यार्क जास्त व आंबटपणा कमी. तोडणीच्या निर्णयाची मुदत पूर्वी आठवड्याची होती. आता ती काही दिवसांवर आली आहे. रेशमी तोल हा ज्या गावाचा स्वभाव, त्या गावाला हा धोका इतरांहून अधिक जाणवतो.

उष्णतेबरोबर थंडीचा धोकाही वाढला आहे. मार्च महिना उबदार गेल्याने डोळे लवकर फुटतात आणि एप्रिलमधील हिमतुषाराने कोवळी फूट करपते. एप्रिल 2016 आणि एप्रिल 2021 मध्ये बरगंडीचे मोठे नुकसान झाले. अशा रात्री शेतकरी ओळींमध्ये मोठ्या मेणबत्त्या पेटवतात किंवा पहाटे पेंढ्याचा धूर करून कोवळ्या फुटीला सूर्याच्या पहिल्या किरणांपासून वाचवतात.

उपायांचा शोध चालू आहे. डोळे उशिरा फुटावेत म्हणून छाटणी लांबवली जाते. घडांवर सावली राहावी म्हणून पाने कमी काढली जातात. पूर्वी लोकप्रिय असलेल्या 161-49 या खुंटावरील वेली अकाली वाळत असल्याने काटक खुंटांचा विचार होतो आहे. जड यंत्रांमुळे माती घट्ट होऊ नये म्हणून काही मळ्यांत घोड्याने नांगरणी होते. रोमाने-कोंतीची शेती 1980च्या दशकाच्या मध्यापासून सेंद्रिय पद्धतीने केली जाते. पूर्वी थंड म्हणून दुय्यम ठरलेल्या वरच्या शेतांकडे आणि बाजूच्या खोऱ्यांकडे आता नव्या दृष्टीने पाहिले जात आहे. क्रो पारांतूला येणारी थंड हवा एकेकाळी उणीव होती. आज तीच जमेची बाजू ठरते आहे. 1861 च्या नकाशातील श्रेणी त्या काळच्या हवामानाला अनुसरून होत्या. हवामान सरकले तर उत्तम शेताची जागाही सरकेल का, हा प्रश्न गावात दबक्या आवाजात विचारला जाऊ लागला आहे.

भारतीय शेतीसाठी संदर्भ

व्होन-रोमानेची पद्धत भारतात जशीच्या तशी आणता येणार नाही. महाराष्ट्रातील द्राक्षवेल हिवाळी सुप्तावस्थेत जात नाही. एप्रिलमधील खरड छाटणी आणि ऑक्टोबरमधील फळछाटणी या दोन छाटण्यांवर तिचे वर्षचक्र चालते. पिनो न्वारला हवा असणारा दीर्घ, थंड पक्वताकाळ येथे मिळत नाही. फायलोक्सेराच्या संकटातून युरोपात रूढ झालेले खुंटाचे तंत्र मात्र येथेही उपयोगी ठरले आहे. क्षारयुक्त जमीन आणि पाण्याच्या टंचाईला तोंड देण्यासाठी डॉगरिजसारखे अमेरिकन वंशाचे खुंट येथे वापरले जातात.

विचार करण्यासारखा भाग भौगोलिक मानांकनाचा आहे. दार्जिलिंग चहा हे भारतातील पहिले नोंदणीकृत मानांकन. नाशिकची द्राक्षे, नाशिक व्हॅली वाइन आणि सांगलीचे बेदाणे यांनाही मानांकन मिळालेले आहे. नोंदणी ही सुरुवात असते. व्होन-रोमानेच्या नावाला किंमत आली ती त्या नावाखाली काय विकायचे नाही हे ठरवल्यामुळे. हेक्टरी किती उत्पादन पुरे, कोणते वाण चालेल, कोणत्या शेताची वाइन कोणत्या नावाने जाईल, हे उत्पादकांनी मान्य केले आणि पिढ्यान्‌पिढ्या नोंदी ठेवल्या. तोडणीची तारीख, पावसाचे माप, आम्लता व साखर, कोणत्या बांधावर थंडी साचते आणि कोणत्या बांधावर ओल टिकते, या नोंदी गावपातळीवर ठेवण्यास मोठी गुंतवणूक लागत नाही. शेतकरी गट आणि विस्तार कार्यकर्ते त्या आजपासून ठेवू शकतात. बोनमधील 1354 सालच्या पहिल्या नोंदीचा उपयोग 2019 सालच्या शास्त्रज्ञांना झाला.